बंद लॅपटॉपची बॅटरी कोण पितंय? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका रिपेरिंगवाल्याचा अनुभव (५ पैकी ४)

दुकानाचं नाव टाकत नाहीये कारण काकांनीच हात जोडले, म्हणाले ताई मी एकटा माणूस, आहेत तेवढी मशिनं उरकत नाहीत, अजून गर्दी नको. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण जूनपासून सप्टेंबरपर्यंत या एका गोष्टीने मला नुसतं पिडलं होतं.

तर झालं असं. मी डोंबिवलीत राहते, छोट्या दुकानदारांची टॅली आणि जीएसटीची कामं करते. सोमवारी सकाळी एका हार्डवेअरच्या दुकानात बसायचं असतं, तिथे माझ्या वाट्याला जे टेबल येतं त्याच्या आसपास प्लग नाही, एक आहे त्यावर त्यांचा पंखा चालतो आणि तो काढायची माझी हिंमत नाही. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी सातला लॅपटॉप फुल चार्ज करून नीट शट डाउन करून बॅगेत ठेवायचा, शनिवार-रविवार हात लावायचा नाही, आणि सोमवारी नऊला उघडायचा असा माझा नेम. जूनमध्ये उघडला तर ७५ टक्के. म्हटलं शुक्रवारी चार्जर नीट लागला नसेल. पुढच्या सोमवारी ७०. जुलैत थेट ६२. बंद मशीन, वायर काढलेली, कुणी हात लावलेला नाही, आणि ३८ टक्के गायब! आधी मुलावर संशय घेतला, बिचाऱ्याने शपथ घेतली की गेम खेळलो नाही. सासूबाई म्हणाल्या, "अगं माठासारखी पाझरत असेल." आम्ही सगळे हसलो. सप्टेंबरमध्ये कळलं की त्या घरात सगळ्यात बरोबर त्याच बोलत होत्या.

मग नेहमीचं सुरू झालं, इंटरनेटवर शोधाशोध. सगळीकडे पहिलं उत्तर एकच, फास्ट स्टार्टअप बंद करा. हे प्रकरण २०१२ ला विंडोज ८ बरोबर आलं. आपण शट डाउन दाबतो तेव्हा विंडोज पूर्ण बंद होतच नाही, आपले प्रोग्राम बंद करते पण स्वतःचा गाभा डिस्कवर एका फायलीत लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी पटकन उठता येतं. गंमत म्हणजे रिस्टार्ट केलं तर ते खरंखुरं बंद होऊन परत चालू होतं, आणि शट डाउन केलं तर अर्धवट झोपतं, म्हणजे नावं उलटीच ठेवलीयत. आता डिस्कवर लिहून ठेवल्याने वीज जात नाही, पण काही मशिनांत त्या नादात एखादं उपकरण नीट बंद होत नाही आणि ते रात्रभर कुरतडत बसतं. मी कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन टिक काढली, पॉवर ऑप्शन्समध्ये चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू असं एक असतं त्याच्या आत ते लपवलंय. (नुसतं एकदा करून बघायचं असेल तर शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा, तेवढ्यापुरतं पूर्ण बंद होतं.) पुढच्या सोमवारी ६४. म्हणजे ३८ ऐवजी ३६ गेले. वा!

मग कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी स्पेस स्लॅश बॅटरीरिपोर्ट असं टाइप केलं, त्याने एक पान तयार होतं ज्यात बॅटरीची जन्मकुंडली असते. त्यात दोन आकडे महत्त्वाचे, डिझाइन कपॅसिटी म्हणजे नवी असताना किती मावत होतं आणि फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आता किती मावतं. माझी नवी असताना ५०,०४० मिलीवॉट-अवर आणि आता ४१,१००. म्हणजे ८२ टक्के. तीन वर्षांच्या बॅटरीला हे काही वाईट नाही, पण मला तेव्हा वाटलं सापडला चोर.

हाच कागद घेऊन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेले. कुठली कंपनी, कुठलं सेंटर ते सोडा. काउंटरवरच्या मुलाने मशीन आत नेलं, वीस मिनिटांत बाहेर, निदान काय तर बॅटरी वीक. नवीन ६,५०० अधिक १८ टक्के म्हणजे ७,६७०, आणि तपासणीचे ५९०. मी विचारलं आत काय तपासलं? तर म्हणे सॉफ्टवेअर टेस्ट रन केली. मी विचारलं की बॅटरीत कमी मावतं हे कळलं, पण मशीन बंद असताना जातं कुठे? यावर तो म्हणाला, "मॅडम, बॅटरी जुनी झाली की असं होतंच." तपासणीचे ५९० भरले आणि निघाले. जाता जाता त्याने विचारलं पाणी वगैरे सांडलंय का, मी म्हटलं छे. हे वाक्य लक्षात ठेवा.

लॅमिंग्टन रोड सुचवला हार्डवेअरच्या दुकानाच्या शेठनीच. डोंबिवलीहून दादर, दादरला बदलून वेस्टर्नची स्लो, ग्रँट रोडला उतरून चालत. फास्ट पकडू नका, ती ग्रँट रोडला थांबत नाही, मी एकदा चर्चगेटपर्यंत जाऊन आलेय. रस्त्याचं कागदावरचं नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण ते नाव विचारलंत तर कुणी सांगणार नाही. फुटपाथवर पाऊल टाकलं की दोन्ही बाजूंनी "मॅडम क्या चाहिए, लॅपटॉप, बॅटरी, चार्जर, प्रिंटर" सुरू, बॅग छातीशी धरून चालायचं. बॅटरी हा शब्द तोंडातून निघाला तर संपलंच, मला तीन पावलांत तीन भाव मिळाले, १,८०० पासून.

काकांचं दुकान दुसऱ्या मजल्यावर, दुकान म्हणजे खोलीचा अर्धा भाग, उरलेल्या अर्ध्यात कुणाचे तरी प्रिंटरचे खोके. मी म्हटलं, बॅटरी बंद असताना उतरते. त्यांनी वर न बघता विचारलं, "बंद म्हणजे? झाकण पाडून ठेवता की शट डाउन?" मला राग आला थोडा. पण ते म्हणाले की निम्मी गिऱ्हाईकं झाकण पाडलं की लॅपटॉप बंद झाला असं समजतात. झाकण पाडलं की तो झोपतो फक्त, आणि हल्लीच्या मशिनांची झोप म्हणजे मोबाईलसारखी, एक डोळा उघडा, मधूनच मेल आणतो, अपडेट बघतो, बॅगेत ठेवला तर भजी तळल्यासारखा गरम होऊन निघतो. जुन्या पद्धतीच्या झोपेत फक्त मेमरीला थोडी वीज जायची. आपलं मशीन कुठल्या जातीचं ते पॉवरसीएफजी स्पेस स्लॅश ए टाकलं की कळतं, एस झीरो लिहिलं असेल तर नवी झोप, एस थ्री असेल तर जुनी. मी म्हटलं काका मी शट डाउनच करते, आणि फास्ट स्टार्टअपही काढलंय. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं.

दुसरा प्रश्न, सोमवारी ६२ दाखवते तेव्हा ते ६२ नीट चालतात का, की भसकन वीसवर येतं? कारण कधीकधी बॅटरी उतरलेली नसतेच, आतला मीटरच चुकीचा आकडा सांगतो. मी म्हटलं नीट चालतात, चांगले दोन तास. "मग खरंच जातंय," असं म्हणून त्यांनी मागचं झाकण काढलं.

आणि इथे मी त्या माणसाची फॅन झाले. बॅटरी विकायचा विषयच नाही. म्हणाले, "आज शनिवार. मी हिला फुल करतो, बोर्डापासून, म्हणजे लॅपटॉपच्या आतल्या मुख्य सर्किटपासून, सोडवतो आणि बाजूला ठेवतो. मंगळवारी या. नुसती बॅटरी पडून उतरली तर बॅटरी खराब. नाही उतरली तर बोर्ड पितोय." बस. इतकी साधी परीक्षा, ५९० रुपये घेणाऱ्यांना सुचली नाही. नवऱ्याचा लॅपटॉप मागून सोमवार काढला, त्यावरून घरात जे झालं ते वेगळं.

मंगळवारी गेले तर बॅटरी ९९ टक्के. तीन दिवसांत एक टक्का. काका म्हणाले लिथियमची चांगली बॅटरी नुसती पडून महिन्याला दोन-तीन टक्के सोडते, त्यात तिच्या आतलं जे संरक्षणाचं सर्किट असतं त्याचाही खर्च आला, आणि उकाड्यात ठेवली तर जरा जास्त. जुन्या निकेलवाल्या बॅटऱ्या महिनाभरात कितीतरी जास्त सोडायच्या, कॅमेऱ्याचे सेल आठवतात का, ट्रिपला निघताना भरलेले सेल पोचेपर्यंत मेलेले. लिथियमचं तसं नाही. म्हणजे माझी बॅटरी तीन वर्षांची, थोडी आटलेली, पण गळकी अजिबात नाही. माठ लहान झाला होता, पण पाझरत होतं दुसरंच काहीतरी. आणि सर्व्हिस सेंटरने ७,६७० घेऊन मला नवा मोठा माठ दिला असता आणि तोही तसाच रिकामा झाला असता, कारण नळ उघडाच होता. हे मला त्या स्टुलावर बसल्या बसल्या कळलं आणि असला राग आला म्हणून सांगू.

मग मोजणी. त्यांच्याकडे एक वायर होती, कुठल्यातरी मेलेल्या बॅटरीचं कनेक्टर कापून घरीच बनवलेली, एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला बोर्ड, आणि मधली लाल वायर तोडून तिथे मल्टिमीटर जोडलेला. म्हणजे बॅटरीतून बोर्डाकडे जाणारा प्रत्येक थेंब मीटरमधून जाणार. मशीन बंद, एकही दिवा नाही, पंखा नाही. मीटरवर २२ मिलीअँपिअर. काकांनी कॅल्क्युलेटर माझ्याकडेच सरकवला, म्हणाले तुम्ही अकाउंटवाल्या, करा हिशोब. शुक्रवार सात ते सोमवार नऊ म्हणजे ६२ तास. २२ गुणिले ६२ म्हणजे १,३६४. बॅटरीत आता मावतं ४१,१०० भागिले ११.४ व्होल्ट म्हणजे ३,६०५ मिलीअँपिअर-अवर. १,३६४ भागिले ३,६०५, बरोब्बर ३८ टक्के. ट्रायल बॅलन्स जुळल्यावर जसं अंगावर काटा येतो तसं झालं. (ज्यांना ट्रायल बॅलन्स जुळल्याचा आनंद माहीत नाही त्यांनी हे वाक्य सोडून द्या.)

आता २२ मधले कोण किती पितंय? माझ्या उजव्या यूएसबीत वायरलेस माउसचा तो नखाएवढा डोंगल कायम खोचलेला असतो, काढला तर हरवतो म्हणून. काकांनी उपटला, मीटर १८ वर. बंद लॅपटॉपमध्ये डोंगलला वीज कशी? तर काही लॅपटॉपना एक पोर्ट असा असतो की मशीन बंद असलं तरी त्यातून मोबाईल चार्ज होतो, शेजारी छोटीशी वीज किंवा बॅटरी काढलेली असते. डेलवाले त्याला पॉवरशेअर म्हणतात, लेनोवोवाले ऑलवेज ऑन यूएसबी. त्या सोयीसाठी पाच व्होल्टची लाइन चोवीस तास जागी ठेवावी लागते, तुम्ही मोबाईल लावा न लावा. मी तीन वर्षांत एकदाही लावलेला नाही, मला माहीतच नव्हतं. चालू करताना एफ टू दाबून बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीची मशीनची सेटिंग) गेले, तिथे ती सोय बंद केली, परत मशीन बंद करून मीटर बघितला, १३. तिथेच नेटवर्कवरून मशीन जागं करायचं ऑप्शन असतं, वेक ऑन लॅन, ते चालू असेल तर नेटवर्कचा भाग जागता राहतो. माझं आधीच बंद होतं.

१३ वर अडलं. काकांनी एकेक रिबन, म्हणजे आतली चपटी वायर, काढायला सुरुवात केली. कीबोर्डची काढली, १३. टचपॅडची, १३. उजवीकडे यूएसबी आणि पॉवर बटणाची एक छोटी वेगळी पट्टी असते, तिला ते आयओ बोर्ड म्हणतात, तिची रिबन काढली आणि मीटर धप्पकन ३ वर. काकांनी ती पट्टी चिमट्याने उचलून भिंगाखाली धरली, मला बोलावलं. कनेक्टरच्या पायांमध्ये हिरवट-तपकिरी कीट, कडेला चिकट डाग, त्यात धूळ बसलेली.

"ताई, साखरेचा होता ना?"

मी गप्प. गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाकडे कटिंग कलंडला होता, थोडासाच, मी ओढणीने पुसला आणि लॅपटॉप चालू होता म्हणून विसरूनही गेले होते. सर्व्हिस सेंटरच्या मुलाला छे म्हणाले होते ते हेच. काका म्हणाले चहा वाळतो पण साखर जात नाही, पावसाळ्यात ती हवेतलं पाणी धरते, आणि दोन पायांच्या मध्ये ओलसर साखर म्हणजे बारीकशी वायरच समजा. मशीन बंद असलं तरी पॉवर बटणासाठी त्या पट्टीवर थोडी वीज कायम असते, ती तिथून झिरपत होती. म्हणून उन्हाळ्यात माझ्या लक्षात आलं नाही आणि जूनपासून सुरू झालं! हे ऐकल्यावर मी सासूबाईंना तिथूनच फोन केला.

साफ कसं केलं तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि एक जुना टूथब्रश. दहा मिनिटं घासलं, गरम हवा मारली, परत जोडलं, मीटर ३. मी विचारलं हे ३ कोण पितंय मग? म्हणाले तो वॉचमन आहे, त्याला पगार द्यावाच लागतो. एक छोटी चिप कायम जागी असते, पॉवर बटण दाबलं का, चार्जर लावला का, झाकण उघडलं का हे बघायला, आणि बऱ्याच नव्या मशिनांत घड्याळाचा वेगळा बटण सेल नसतो, तारीख-वेळही मोठ्या बॅटरीवरच चालते. म्हणजे दिवसाला एक-दोन टक्के जाणारच, बंद लॅपटॉपचा खर्च शून्य कधी होत नाही. तेव्हा गणपतीला काही दिवस गावाला जाणार असाल आणि मशीन घरी पडणार असेल तर पन्नास-साठ टक्क्यांवर ठेवून बंद करा, आणि बायोसमध्ये बिल्ट-इन बॅटरी डिसेबल करायची सोय असेल (थिंकपॅडला असते) तर ती वापरा, वॉचमनही सुट्टीवर जातो. चार्जर जोडला की परत सगळं चालू. रिकामी करून मात्र ठेवू नका, एकदम तळाला गेली की आतलं सर्किट तिला कुलूप लावू शकतं आणि मग कधीकधी चार्जर लावूनही काही होत नाही.

सगळ्याचे मिळून ८००. दोन चकरा, शनिवार ते मंगळवार मशीन ठेवून, समोर बसवून शिकवणी, आणि ८००. बिल मागितलं तर कोऱ्या पॅडवर हाताने लिहून दिलं, जीएसटी नंबर नाही, मी भुवई वर केल्यावर म्हणाले वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत आहे ताई, बघा जिना. मान्य.

आता एक मार्क का कापला. फोन उचलत नाहीत, म्हणजे नाहीच. मंगळवारी अकराला बोलावलं आणि सव्वाबाराला आले, मी जिन्यात उभी. बसायला एकच स्टूल, दुसरं गिऱ्हाईक आलं की कुणीतरी उभं राहायचं. आणि घरी येऊन बघते तर मागच्या झाकणाचा एक स्क्रू नाही, दहापैकी नऊ. पुढच्या आठवड्यात त्या बाजूला काम होतं म्हणून गेले तर त्यांनी डबीतून दुसऱ्याच कुठल्यातरी लॅपटॉपचा स्क्रू काढून लावला, तो किंचित वर राहतो आणि टेबलावर ओरखडे पाडतो. त्यावर सेलोटेप लावलीय.

त्यानंतरचे सोमवार: ९५, ९५, ९४, ९५. चौऱ्याण्णव आला त्या दिवशी आदल्या संध्याकाळी मुलाने उघडला होता, या वेळी कबूल केलं.

जायचं असेल तर ग्रँट रोड पूर्वेला उतरा, रविवारी बंद असतं, दुपारी दोन ते तीन डबा खातात तेव्हा जाऊ नका. जिन्यातला दिवा लागत नाही, मोबाईलचा टॉर्च लावा. खाली कुणी बॅटरी का म्हणून विचारलं तर नाही म्हणा. आणि काही सांडलं असेल तर पहिल्या मिनिटालाच सांगून टाका, त्यांना भिंगात दिसतंच.